कुंपणाचे खांब: क्रिओसोट, जळकं ऑइल, काजूचं तेल की बोरॅक्स?

पावसाळा सरला की कुंपणाच्या खांबाला जमिनीलगत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. वर लाकूड टणक असतं, फूटभर खाली उकरलं तरी बऱ्यापैकी टणक. मधल्या वीतभर जागेत मात्र टोक सहज आत जातं. ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात, म्हणून बुरशी तिथेच धरते. खांबाला काय लावायचं ते या वीतभर जागेसाठी ठरवायचं.

टिकाऊपणात क्रिओसोटचा हात धरणारं दुसरं काही नाही. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं हे तेल दाब देऊन लाकडात मुरवण्याचं पेटंट इंग्लंडात जॉन बेथेल यांनी १८३८ साली घेतलं, आणि रेल्वेचे लाकडी स्लीपर त्यावरच वर्षानुवर्षं टिकले. पण त्यात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. म्हणून २००३ मध्ये युरोपात ते घरगुती ग्राहकांना विकणं बंद झालं. आमच्या परसात जुन्या स्लीपरचे दोन खांब होते. मे महिन्यात त्यांतून काळे थेंब पाझरायचे, आणि कारल्याच्या वेलाची पानं खांबाला टेकतील तिथे करपायची. थेंब हाताला लागून वर ऊन लागलं की भाजल्यासारखी आग व्हायची. माळावरच्या लांबच्या कुंपणाला असे खांब चालतील, भाजीच्या वाफ्याशेजारी नकोत.

जळकं ऑइल गावोगाव लावतात, कारण गॅरेजमधून ते जवळजवळ फुकट मिळतं. माझं स्पष्ट मत, लावू नका. ते थोडं पाणी अडवतं, पण लाकडात पक्कं बसत नाही. पावसात धुऊन मातीत उतरतं आणि इंजिनातल्या जड धातूंचे अंशही सोबत नेतं. विहीर जवळ असेल तर हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

काजूच्या टरफलांचं तेल कोकणात ओळखीचं आहे. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. काजू बिब्याच्याच कुळातला, त्यामुळे कातडीवर तसेच फोड येतात, हातमोजे हवेतच. ब्रशने लावलेलं तेल वरच्या पातळ थरापुरतंच राहतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं. एवढी मेहनत घेणार असाल तर चांगला पर्याय.

आता क्षारांची गोष्ट. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी शोधलं आणि ते जगभर गेलं. ते लाकडात घट्ट बसतं, पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ अखेरीस घरगुती कामांच्या लाकडासाठी त्याचा वापर थांबवला गेला. आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेलं मिश्रणही मिळतं. परसासाठी मी तेच निवडेन, तेही कारखान्यात दाबाखाली मुरवलेलं. नुसतं बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, आणि बोरिक ॲसिड वापरायला त्या मानाने सौम्य, किडीवर गुणकारी. पण ते पाण्यात विरघळतं आणि पावसात हळूहळू निघून जातं. छपराखालच्या लाकडाला उत्तम, जमिनीत पुरायच्या खांबाला अपुरं.

लाकूड कुठलं, यावरही बरंच अवलंबून आहे. सागाचा किंवा खैराचा गाभा स्वतःच दमदार असतो. सुरू, निलगिरी, आंब्याच्या खांबांना मात्र औषध हवंच. तेल लावायचं तर लाकूड आधी नीट वाळू द्या, ओल्या लाकडात ते मुरत नाही. आणि मुरवलेला खांब लांब पडला तर जमिनीत जाणारं टोक कापू नका. औषध मुख्यतः बाहेरच्या थरात असतं, कापलं की आतलं कोरं लाकूड थेट ओलीत जातं. कापायचाच तर वरून कापा, आणि कापलेल्या तोंडाला औषधाचे दोन हात द्या.