एन-रोड्स: चार शाखा, एक स्क्रीन

शाश्वत विकासाच्या माझ्या वर्गात अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि डिझाइन अशा चार शाखांची मुलं एकत्र येतात. गटप्रकल्प दिला की प्रत्येक जण आपापला भाग लिहून आणायचा आणि शेवटच्या रात्री कुणीतरी ते तुकडे जोडायचं. एकमेकांचं वाचायचं कुणीच नाही. ही सवय एन-रोड्सने मोडली, म्हणून त्याबद्दल लिहितेय.

एन-रोड्स म्हणजे कुठला उपाय केला तर पृथ्वीचं तापमान किती वाढेल याचा अंदाज दाखवणारा हवामान-सिम्युलेटर. क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ही संस्था, अमेरिकेतल्या एमआयटीची स्लोन ही व्यवस्थापन शाखा आणि व्हेंटाना सिस्टिम्स ही कंपनी यांनी मिळून तो बनवलाय, आणि तो ब्राउझरमध्ये, फुकट चालतो. खाली कोळसा, कार्बनवरचा कर, अणुऊर्जा, जंगलतोड वगैरेंचे स्लायडर (कमी-जास्त सरकवायच्या पट्ट्या), वर दोन आलेख, आणि बाजूला २१०० सालच्या तापमानवाढीचा आकडा. आम्ही उघडलं तेव्हा, काहीही न हलवता, तो ३.३ अंश होता. २०१५च्या पॅरिस कराराला तो २ अंशांच्या बराच खाली हवा आहे.

मी नियम एकच ठेवला. एका स्क्रीनपुढे चार शाखांचे चौघं बसायचे, आणि स्लायडरला हात लावण्याआधी काय होईल ते कारणासकट सांगायचं.

अभियांत्रिकीच्या एका मुलीने अणुऊर्जेला भरघोस अनुदान दिलं. रेघ जेमतेम हलली, आणि ती चक्क रागावली. अर्थशास्त्राच्या मुलाने उलगडा केला: स्वस्त अणुवीज कोळशाबरोबर सौर आणि पवन विजेचीही जागा घेते, शिवाय उभं राहिलेलं कोळशाचं केंद्र कित्येक दशकं चालतच राहतं. मग त्याने कार्बन-कर वाढवला, आकडा चांगलाच उतरला. तेवढ्यात समाजशास्त्राच्या मुलीने ऊर्जेच्या खर्चाचा आलेख उघडला आणि विचारलं, "हे बिल भरणार कोण?" पुढची चाळीस मिनिटं मला तोंड उघडावं लागलं नाही.

या प्रश्नाचं उत्तर एन-रोड्समध्ये मिळत नाही. ते साऱ्या जगाचा एकत्र हिशेब मांडतं, देशादेशांचा किंवा माणसामाणसांचा नाही. पण त्याच रिकाम्या जागेतून मुलांनी स्वतःचं काहीतरी उभं केलं, याचा मला फार आनंद आहे. पंधरा दिवसांत त्यांनी आमच्या आवारापुरतं स्प्रेडशीट बनवलं. त्यात वीज, ये-जा, कचरा आणि प्रत्येक उपायापुढे एक जास्तीचा रकाना: 'काम कुणाच्या वाट्याला?' कचरा वर्गीकरणापुढे 'सफाई कर्मचारी' लिहावं लागलं, तेव्हा मुलं त्यांच्याशी बोलायला गेली आणि परत येऊन डब्यांच्या जागाच बदलल्या.

वापरणार असाल तर दोन तास तरी हाताशी ठेवा. प्रत्येक स्लायडरमागचं स्पष्टीकरण स्वतः आधी वाचा, कारण मुलं "असं का?" हे विचारणारच. सरकारं, ऊर्जा कंपन्या, हवामान-न्यायाचे (हवामानबदलाचा भार गरिबांवर पडू नये म्हणणारे) कार्यकर्ते अशा भूमिका घेऊन वाटाघाटी करण्याचा खेळही सोबत मिळतो. तो दुसऱ्या आठवड्यात घ्या. पहिल्या दिवशी त्यांना नुसतं भांडू द्या.