व्हॉर्टेक हेड बसवलेलं ३५० इंजिन : काही महिन्यांचा अनुभव

पिकअप ट्रकमधलं जुनं शेव्हरोले ३५० (३५० घनइंची व्ही-८) इंजिन खोललं, तेव्हा ७६ सीसी चेंबरची (मिश्रण जळण्याच्या पोकळीची) हेड, म्हणजे सिलिंडरची वरची झाकणं, उतरवून १९९६ पासून ट्रकवर आलेली ६४ सीसीची व्हॉर्टेक हेड बसवली. पिस्टन खोलगट माथ्याचेच ठेवले. आता काही महिने माल भरून आणि ट्रेलर ओढून झालाय.

पुलिंग जबरदस्त सुधारलंय. चढावर पूर्वी गिअर उतरवावाच लागायचा, आता वरच्या गिअरमध्येच गाडी सुटते. चेंबर लहान झाल्याने वाढलेल्या कॉम्प्रेशनइतकंच श्रेय या हेडच्या पोर्टना (हवा येण्याजाण्याच्या वाटांना) आणि चेंबरच्या आकाराला आहे. जाळ लवकर पसरतो, त्यामुळे जुन्या हेडला एकूण ३६ अंशांच्या आसपास टायमिंग (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती लवकर पडते ते) लागायचं, तिथे यांना ३२ पुरतं.

खरा विचार करावा लागला तो हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटच्या जाडीचा. एका सिलिंडरची क्षमता ७१७ सीसी. चेंबर ७६, पिस्टनचा खोलगा १२, गॅस्केट आणि डेकची (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठाखाली पिस्टनवर उरणारी) जागा मिळून साडेतेरा, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो जेमतेम ८. नुसती हेड बदलली की तो ९ होतो. "नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी खटखट) येईल, जाड गॅस्केट टाक" असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला हे अजिबात पटत नाही. पिस्टन वर आल्यावर हेडच्या सपाट भागापर्यंत जी फट उरते, ती एक मिलिमीटरच्या जवळ असली की कडेचं मिश्रण जोरात मध्ये ढकललं जातं आणि पटकन जळतं. फट दीडच्या पुढे गेली की तेच मिश्रण कडेला रेंगाळतं आणि तापून स्वतःच पेटतं. जाड गॅस्केटने रेशो थोडा उतरतो खरा, पण नॉकिंगला वाव वाढतो. रेशो कमीच करायचा असेल तर पिस्टनचा खोलगा वाढवावा, फटीला हात लावू नये.

म्हणून फट कमी करायला ब्लॉक प्लेन करून (वरून तासून) घेतला. पिस्टन डेकखाली ०.३ मिमी राहिला, गॅस्केट ०.७ चं घेतलं. चेंबरवर ग्रीस लावून पारदर्शक प्लेट चिकटवली आणि ब्युरेटने (मोजखुणांच्या काचनळीने) रंगीत पाणी सोडून प्रत्येक चेंबर मोजला. छापील आकड्यावर विसंबलो नाही. रेशो साडेनऊच्या जरा खाली आला. कंपनीने याच हेडच्या इंजिनला ९.४ दिलेला होता, त्यामुळे धाकधूक नव्हती. साध्या ८७ ऑक्टेन पेट्रोलवर, भर उन्हात, पूर्ण लोडवरही अजून एकदाही नॉकिंग ऐकू आलेलं नाही.

खर्च धरताना इनटेक मॅनिफोल्ड (हेडकडे मिश्रण नेणारा भाग) विसरू नका. जुना बारा बोल्टचा, व्हॉर्टेकचा आठ बोल्टचा. जुना बसत नाही. जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकणार असाल तर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिटेनर (वरची चकती) व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर आपटत नाही ना, हे आधी मोजा. मूळ स्थितीत तिथे फारशी जागा नसते. आणि वापरलेली हेड घेत असाल तर व्हॉल्व्ह सीटजवळ तडा नाही याची प्रेशर टेस्ट करूनच पैसे द्या.