बस स्टँडामागचं सेवा केंद्र: पाचपैकी चार तारे

मी उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, बचत गटांची सीआरपी (गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. गटाची वही आणि बँकेची कामं एवढंच माझ्याकडे आहे. पण कुणाचं रेशन अडलं, कुणाचा नवरा गेला, की बायका आधी माझ्याकडेच येतात. मग त्यांना घेऊन तालुक्याला जायचं. 'आपले सरकार'ची पाटी तिथं गल्लोगल्ली आहे, पण त्यातली बरीच दुकानं नुसती झेरॉक्सचीच. तुम्ही मागाल तो दाखला काढून देतात, विषय संपला.

बस स्टँडामागचं हे केंद्र वेगळं का, ते सांगते.

आमच्या गटातली एक बाई मुलीच्या वसतिगृहासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आली होती. नवरा ट्रॅक्टरवर मजुरीला जायचा, दिवाळीआधी वारला. पदरात दोन लेकरं. केंद्रचालकानं कागद हातात घेतले आणि टाइप करायच्या आधी विचारलं, "काकू, मालकांचं वय काय होतं? कार्ड पिवळं का केसरी? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे?" वय बेचाळीस, कार्ड पिवळं, नाव यादीत. "मग राष्ट्रीय कुटुंब लाभचा अर्ज केला का?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस 18 ते 59 या वयात गेला, तर त्या घराला एकरकमी 20,000 रुपये मिळतात. गावात कुणाच्या तोंडून ही योजना मी ऐकली नव्हती. लाडकी बहीणचा डंका दारोदारी वाजला, ही मात्र फायलीतच पडून.

मग संजय गांधी निराधारचा विषय मीच काढला. त्यानं आधी विचारलं, लाडकी बहीणचे येतात का. येतात. तर म्हणाला, "दोन्हीकडं दीड हजारच आहेत, आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत. निराधारला एरवी, यादीत नाव नसेल तर, वर्षाला 21,000 च्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. आत्ता अर्ज भरून काय करता?" दुसऱ्या कुणी गुपचूप अर्ज भरून फी घेतली असती. या एका वाक्यासाठी मी त्याला दोन तारे देते.

त्या 21,000 चंही जरा बोलायला हवं. वर्षाचे 21,000 म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. खुरपायला जाणारी बाई एका दिवसात त्याच्या कितीतरी पट आणते. लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाखांची आणि निराधार विधवेला एकवीस हजारांची! हा हिशोब ज्यानं घातला त्यानं एकदा आमच्या गटाची वही बघावी.

त्यानं सांगितलेली खरी कामाची गोष्ट बाल संगोपनची. वडील नसलेल्या, अठराच्या आतल्या मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये. हा अर्ज त्याच्याकडे होत नाही. तो जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात द्यायचा, मग घरी येऊन चौकशी होते आणि बाल कल्याण समिती मंजुरी देते. म्हणजे यात त्याला एक रुपयाही मिळणार नव्हता. तरी एका कोऱ्या कागदावर त्यानं यादी लिहून दिली: मृत्यूचा दाखला, मुलांचे शाळेचे बोनाफाईड, आईचं आणि मुलांचं आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक. ती यादी मी फोनमध्ये ठेवली आहे आणि आता दुसऱ्या गावच्या सीआरपींनाही पाठवते.

कागद तपासायची त्याची पद्धत कडक आहे. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असेल तर अर्ज घेतच नाही, आधी नाव दुरुस्त करून आणा म्हणतो. तेव्हा राग येतो, पण पुढचे हेलपाटे वाचतात. आधार कोणत्या खात्याला जोडलंय तेही आधीच बघायला लावतो. कारण पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात येतील असं नाही, आधार जिथं जोडलंय तिथं जातात. मग बायका 'पैसे आलेच नाहीत' म्हणून रडत बसतात आणि पैसे पडलेले असतात कुठल्या तरी जुन्या, विसरलेल्या खात्यात.

दरफलक भिंतीवर आहे आणि तेवढेच पैसे घेतो. पावती मागावी लागत नाही. याच गावातल्या दुसऱ्या एका दुकानात प्रतिज्ञापत्रासाठी 500 चा स्टॅम्प आणा म्हणून सांगितलं होतं. 2025 मध्ये सरकारनं दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क माफ केलंय. इथं साध्या कागदावर काम झालं.

आता एक तारा का कापला ते. बसायला एकच बाकडं, त्यावर निम्मी जागा प्रिंटरच्या कागदांनी अडवलेली. टोकन नाही, त्यामुळं दांडगा पुढं आणि म्हातारी मागं. जूनमध्ये दाखल्यांच्या गर्दीत तर उभं राहायला जागा नसते, आणि बायकांना बाथरूमला जायचं तर थेट स्टँडवर. सर्व्हर बंद पडला की चालक तोंडातून शब्द काढत नाही, आपण बसायचं का जायचं ते कळत नाही. आणि म्हाताऱ्या माणसांवर तो खेकसतो. ज्यांचे काम करून करून अंगठे झिजलेत त्यांचा ठसा मशीनवर उठत नाही, यात त्यांचा काय दोष? मी हे त्याच्या तोंडावर बोलले आहे. तेवढ्यापुरता गप्प बसला.

जाणार असाल तर बाजाराचा दिवस सोडून जा, दार उघडायच्या वेळेलाच. आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन बरोबर घ्या. तो लेकाकडं पुण्याला असेल तर लेकाला आधी सांगून ठेवा, ओटीपी लगेच कळवावा लागतो. मूळ कागद पिशवीत, झेरॉक्स वेगळ्या. आणि काम फक्त दाखल्याचं असलं तरी घरात कोण गेलं, कोण आजारी, कोण अपंग हे त्याला सांगा. विचारतोच तो, पण गर्दीत एखादवेळी राहून जातं.