जुना पेनस्टँड घेताना: शेफर, पार्कर की एस्टरब्रुक?

वकिलांच्या, डॉक्टरांच्या आणि हळदीच्या पेढ्यांवरच्या मेजांवर एके काळी मानाने बसलेले जड पेनस्टँड सांगली-मिरजेत अजूनही अधूनमधून विकायला निघतात. वाडा पाडायला घेतला, भावाभावांत वाटण्या झाल्या किंवा कचेरीतले फर्निचर बदलले, की लोखंडी कपाट आणि वेताच्या खुर्चीबरोबर एखादी दगडी बैठक, तिच्यावरच्या तिरप्या नळीत लांब शेपटीचे पेन खोवलेल्या अवस्थेत, जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडते. घेणाऱ्याची नजर प्रथम दगडावर जाते आणि विकणाराही भाव दगडाच्या आकारावरूनच सांगतो. असे बरेच संच पाहून, दोनदा फसून आणि एकदा स्वतःच्या हाताने नुकसान करून घेतल्यावर माझे मत असे झाले आहे, की दगड शेवटी पाहावा. पेन ज्यात उभे राहते ती नळी, म्हणजे संग्राहक ज्याला सॉकेट म्हणतात तो भाग, आधी पाहावा. दगड कोणत्याही कारागिराकडून कापून, घासून मिळतो. त्या काळचे सॉकेट आज कोणी नव्याने घडवत नाही.

आपल्याकडे सहसा समोर येतात ते तीन प्रकार: शेफरची दगडी बैठक, पार्करची ‘मॅग्नेटिक्स’ बैठक आणि एस्टरब्रुकची ‘डिपलेस’ दौत. तिघांपैकी एकच घ्यायची असेल, तर त्यांची तुलना कशी करावी, एवढाच येथे प्रश्न आहे.

शेफर ही अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसन गावची कंपनी. १९२० च्या दशकाच्या मध्यापासून तिने मेजावरच्या संचांमध्ये चेंडू-खोबणीचा सांधा वापरला, त्यामुळे नळी हव्या त्या दिशेला कलवता येऊ लागली आणि पेन उचलताना बैठक सरकवावी लागेनाशी झाली. याच काळात, १९२४ मध्ये, शेफरने कठीण रबराऐवजी सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची पेने आणली आणि ‘लाइफटाइम’ पेनांवर पांढरा ठिपकाही तेव्हापासूनच दिसू लागला. म्हणून ऑनिक्स नावाच्या हिरव्या दगडाची बैठक, फिरणारे सॉकेट आणि जेडसारख्या हिरव्या रंगाचे ठिपकेवाले पेन, असा मूळचा एकत्र राहिलेला संच या तिघांत सर्वात मोलाचा, हे मान्यच करावे लागते. अडचण अशी, की तो मूळचा एकत्र राहिलेला फार क्वचित असतो.

सॉकेट तपासताना नळी एका बाजूला कलवून सोडून द्यावी. जिथे सोडली तिथेच ती थांबली पाहिजे. पेनाच्या वजनाने मान टाकत असेल, तर आतली पकड झिजली आहे आणि ती नीट करणे वाटते तितके सोपे नसते. याउलट ती अजिबात हलत नसेल, तर कोणीतरी सांध्यात इपॉक्सी भरून प्रश्न कायमचा मिटवलेला असतो. असा सांधा मोडल्याशिवाय सुटत नाही आणि मी अशा संचाची निम्मी किंमत सरळ कापतो. दुसरी खूण रंगाची. नळी एबोनाइटची, म्हणजे कठीण रबराची असेल, तर उजेडाने आणि दमटपणाने तिचा काळा रंग उतरून शेवाळी-तपकिरी होतो. हा दोष नव्हे, वयाचा दाखला आहे. नव्वद वर्षांची नळी जर कोळशासारखी काळीभोर असेल, तर ओल्या कापसाचा बोळा फिरवून पाहावा. बोळा काळा झाला तर वरून रंग चढवला आहे.

आता दगडाविषयी, कारण टाळता येत नाही. या बैठकींचा ‘ऑनिक्स’ हा भूगर्भशास्त्राच्या पुस्तकातला ऑनिक्स नव्हे. तो पट्टेदार कॅल्साइट, म्हणजे संगमरवराचाच नातेवाईक आहे. त्याची कठीणता, खनिजांसाठीच्या १ ते १० अशा ‘मोह्स’ मापावर, ३, तर खऱ्या ऑनिक्सची ७ च्या आसपास. म्हणजे चाकूच्या टोकाने त्यावर सहज ओरखडा पडतो आणि आम्लाने तो विरघळतो. हे मला माहीत नसताना, पितळेची भांडी लख्ख होतात म्हणून मी पहिल्याच बैठकीवर लिंबाची फोड फिरवली. दोन मिनिटांत तेथे रुपयाएवढे मळकट, खरखरीत वर्तुळ उमटले आणि ते आजही तसेच आहे. दुकानात बैठक पाहताना ती खिडकीकडे तिरपी धरून चकाकीकडे बघावे. मध्येच निस्तेज चट्टे दिसले, तर आधीच्या मालकाच्या घरीही चिंच-लिंबाचा प्रयोग झालेला असतो. पुन्हा पॉलिश करता येते, पण कडा गोलावतात.

सांगलीची म्हणून आणखी दोन तपासण्या सांगतो, ज्या परदेशी माहितीपुस्तिकांत सापडणार नाहीत. एका दुकानदाराने हिरव्या दगडावरची पिवळी झाक दाखवून मला सांगितले, “साहेब, हा वयाचा पिवळेपणा आहे, असा रंग आता मिळत नाही.” त्याची परवानगी घेऊन मी ओल्या बोटाने साबण लावला आणि पिवळे होते ते लालसर झाले. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की असाच लाल होतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. बैठक हळदीच्या पेढीवरची होती आणि सॉकेटच्या तळाशीसुद्धा शाईऐवजी हळदच साठलेली होती. डाग धुतला गेला, किंमतही थोडी उतरली.

दुसरी तपासणी पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि गावभागातल्या पेठांमधले कितीतरी सामान त्या पाण्यात काही दिवस बुडून राहिले. दगडाला पाण्याचे काही होत नाही, असे विकणारा म्हणतो आणि ते खरेही असते. परंतु सॉकेट बैठकीत ज्या लोखंडी नटाने आवळलेले असते तो गंजतो, गंज फुगतो, आणि भोकापासून निघणारी केसासारखी चीर दगडात पडते. म्हणून बैठक उलटी करावी, खालच्या फेल्टच्या कापडाचा एक कोपरा उचलायला परवानगी मागावी आणि टॉर्चने भोकाची कड पाहावी. परवानगी न देणाऱ्याकडून मी बैठक घेत नाही. कापड अगदी नवेकोरे असेल, तर ते का बदलले, हे तर विचारायलाच हवे.

पार्करचे प्रकरण वेगळे आहे. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलच्या या कंपनीचे ‘५१’ हे पेन १९४१ मध्ये बाजारात आले आणि चाळीसच्या दशकात त्याच्या मेजावरच्या आवृत्तीसाठी मॅग्नेटिक्स बैठक निघाली. यात नळी बैठकीला चुंबकाने धरलेली असते. ती हवी तशी कलते आणि जोर लावला तर सुटून हातात येते. झिजणारी पकड नसल्याने शेफरचा मुख्य दोष येथे उद्भवत नाही. पण जी वस्तू सहज सुटते ती सहज हरवतेही, त्यामुळे नळी एका संचाची आणि बैठक दुसऱ्याच संचाची, असे प्रकार येथे जास्त घडतात. पेनाच्या बाबतीत मात्र पार्कर निर्विवाद पुढे आहे. शेफरचे सेल्युलॉइड आक्रसते, आतल्या रबरी पिशवीच्या वाफेने जेडचा हिरवा रंग काळवंडतो. ‘५१’ चे अंग ल्युसाइट या ॲक्रिलिक प्लास्टिकचे असल्याने ते तितके बदलत नाही. त्यातही १९४८ पासूनच्या ‘एरोमेट्रिक’ पद्धतीच्या पेनातली पिशवी आजही पुष्कळदा चालू निघते, तर त्याआधीच्या ‘व्हॅक्युमॅटिक’ पेनातला रबरी पडदा बदलावाच लागतो असे धरून चालावे. पडदा बदलण्याच्या या कामाला लागणारा माणूस जिल्ह्यात सहज मिळत नाही, त्यामुळे तो खर्च आणि पेन पाठवण्याची जोखीम भावात धरायला हवी.

एस्टरब्रुकविषयी थोडक्यात सांगता येते. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या या जुन्या निबवाल्यांची डिपलेस म्हणजे टाक आणि दौत यांचाच सुधारलेला अवतार. पेनात पिशवी नसते, काचेच्या दौतीत निब सतत शाईत टेकलेली राहते, आणि एकदा उचलले की बऱ्याच ओळी लिहून होतात. निब फिरवून काढता येते, म्हणून बिघडली तर काळजी नाही. संख्येने ही भरपूर बनली, तेव्हा कोणी ‘दुर्मीळ’ म्हणून भाव चढवला तर ऐकून सोडून द्यावे. दौतीच्या तोंडाची कड बोटाने चाचपावी, टवका असेल तर घेऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हात शाई आटून घट्ट होते, त्यामुळे रोज न वापरणाऱ्याने ती रिकामी ठेवलेलीच बरी.

बैठकीवर कुत्रा, घोडा किंवा नर्तिका बसवलेली असेल, तर ती ‘ब्राँझची’ असल्याचे सांगितले जाते. बहुतेक वेळा ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. अशुद्ध जस्त आतून फुगून तडकते आणि त्याला उपाय नाही.

एका बाबतीत माझे मत प्रस्थापित संग्राहकांपेक्षा वेगळे आहे. निवृत्तीच्या वेळी दिलेल्या संचावर ‘सप्रेम भेट’ अशी अक्षरे असलेली पितळी पट्टी असते. परदेशी खरेदीदार तिच्यामुळे किंमत कमी करतो. सांगलीच्या संग्रहात मात्र त्या पट्टीनेच वस्तूला गाव मिळते, म्हणून मी तिच्यासाठी थोडे जास्तच देतो. पट्टी उपटून स्क्रूची भोके बुजवलेली बैठक मात्र दोन्हीकडची गेलेली असते. ‘संस्थानिकांच्या वाड्यातला’ या शब्दांना, सोबत पावती, पत्र किंवा छायाचित्र नसेल तर, मी एक पैसाही वाढवून देत नाही. ऐकलेल्या कथा खऱ्या मानायच्या तर पटवर्धनांच्या मेजावर पेनस्टँडशिवाय दुसरे काही मावलेच नसते.

तेव्हा निवड अशी करावी. रोज लिहायचे असेल, तर एरोमेट्रिक पेन असलेली पार्करची मॅग्नेटिक्स घ्यावी आणि नळी-बैठक एकमेकांच्या आहेत एवढे पाहावे. संग्रहासाठीच घ्यायची आणि थांबण्याची तयारी असेल, तर शेफर. पण सॉकेट शाबूत असेल तरच, मग पेन नसले तरी चालेल, कारण पेन पुढे मिळू शकते. सॉकेट मोडके आणि पेन उत्तम असेल, तर पेनाचा वेगळा भाव करावा आणि दगड तेथेच सोडावा. पहिल्यांदाच घेणाऱ्याने, हात बसेपर्यंत, एस्टरब्रुकवर शिकायला हरकत नाही. अमेरिकेतून मागवायचे असेल, तर दगडाच्या वजनाचे टपाल आणि जकात मूळ किमतीला सहज मागे टाकतात. शिवाय सॉकेट खोलून वेगळे बांधायला सांगितले नाही, तर वाटेत नेमकी भोकाशीच चीर जाते.

आणि पेनासह संच घेत असाल, तर विकणाऱ्याकडे एका रात्रीची मुदत मागा. पेन शाईने भरून सॉकेटमध्ये ठेवा आणि सकाळी न झटकता रेघ ओढा. दुसऱ्या कंपनीचे पेन घुसवलेले असेल, तर नळीचे तोंड निबेभोवती नीट बंद होत नाही आणि शाई वाळलेली असते. रेघ उमटली नाही, तर पेन आणि बैठक यांचा भाव वेगवेगळा लावून, जोडीचे म्हणून मागितलेले जादा पैसे वजा करूनच व्यवहार करावा.