सात वाजता लटकणारं नेट आणि तीन डब्यांचा मेश

आधी घर सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा हा मेश वाय-फायचा (म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले डबे मिळून एकच नेटवर्क) रिव्ह्यू वाचायचा की नाही. सांगलीत विश्रामबागला आमचं दुमजली घर, वर गच्ची. मी दहावीच्या गणिताचे ऑनलाइन क्लास घेते, संध्याकाळी सात ते साडेआठ. आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासून स्मार्ट वस्तूंचा नाद लागलाय. बल्ब, प्लग, गीझरचा स्विच, गच्चीवरच्या मोटरचा स्विच, चार कॅमेरे, दारावरची बेल. एका रविवारी वही घेऊन मोजलं, फोन-लॅपटॉप धरून ३७ भरले.

दिवसभर नेट झकास. सात वाजले की मुलांचं सुरू, "मॅडम, आवाज तुटतोय." नेटवाल्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा मुलगा बिचारा चार वेळा येऊन गेला. दर वेळी मोबाइलवर स्पीड टेस्ट, दर वेळी ९५ च्या वर, दर वेळी राउटर बंद-चालू. शेवटी म्हणाला, १०० चा प्लॅन सोडा, २०० चा घ्या. घेतला. सातला पुन्हा तेच, बिल तेवढं वाढलं.

लाइट जाऊन आली की आणखी वेगळी गंमत. कधी बेल बंद, कधी गीझर, कधी माझाच लॅपटॉप. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडलं तेव्हा उलगडा झाला. वाय-फायच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त कनेक्शन ३२ असं लिहिलेलं. ३७ जण आणि जागा ३२! लाइट आली की सगळे एकदम धावत सुटायचे, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे. ज्याचा रुमाल आधी पडला तो बसला.

म्हणून साडेअकरा हजारांना तीन नगांचा वाय-फाय ६ मेश संच घेतला. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते संच लावायचा कसा याबद्दल.

पहिला आठवडा वाईट गेला, आणि चूक आमची. एक डबा टीव्हीपाशी, एक वर माझ्या खोलीत, एक बैठकीच्या कपाटावर. वरचा डबा खालच्याचा सिग्नल स्लॅबमधून ओढणार, तोच पुन्हा पुढे देणार. वर जेमतेम ४० यायचं. शिवाय कंपनीच्या राउटरचं वाय-फाय आम्ही चालूच ठेवलं होतं, त्यामुळे निम्मे फोन जुन्यालाच चिकटून. कंपनीला फोन करून तो ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे तो नुसतं नेट पुढे देणार, वाय-फाय बंद. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून जुन्या डिशच्या भोकातून कॅट-६ केबल वर नेली. आता वर १८० मिळतं. वायर नको म्हणून मेश घेतला आणि शेवटी वायरच टाकली, यावर हे दोन दिवस गप्प होते.

एक गोष्ट मात्र डोकं लावून केली. नव्या नेटवर्कला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. बहुतेक वस्तू आपोआप येऊन बसल्या. पाच बल्ब आणि बेल तेवढे रुसले. ह्या वस्तूंना वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, आणि संचाची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर होती, ती त्यांना झेपेना. ॲपमध्ये त्यांच्यासाठी वेगळं नेटवर्क करून दिलं, फक्त २.४ चं, जुन्या डब्ल्यूपीए२ वालं. तासाभरात सगळे जागेवर.

आता सात वाजताचं भूत. नव्या ॲपमध्ये कोण किती डेटा पाठवतंय ते दिसतं. संध्याकाळी बघते तर सगळ्यात वर गेटचा कॅमेरा! अंधार पडला की त्याचा इन्फ्रारेड दिवा लागतो. त्याभोवती किडे जमतात. प्रत्येक किडा म्हणजे हालचाल, प्रत्येक हालचालीची क्लिप, आणि ती लगेच क्लाउडवर. त्यात तो कॅमेरा दोन भिंती आणि एका लोखंडी कपाटापलीकडे, सिग्नलची एकच काडी. वाय-फायच्या एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही तो सावकाश बोलतो. वर्गात एखादा पोरगा उत्तर देताना एकेक शब्द ओढत बसला की बाकीचे हात वर करून ताटकळतात, तसं. मग ५०० चा प्लॅन घेतला असता तरी काय फरक पडणार होता?

तिसरा डबा कपाटावरून काढून गेटकडच्या खिडकीत ठेवला. कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी केली आणि फक्त गेटपुरती चौकट आखून दिली. त्या दिवसापासून क्लास सलग होतोय, आज पाच महिने झाले. खरं सांगायचं तर निम्मा आजार त्या सेटिंगनंच गेला, आणि ते फुकट होतं.

तक्रारी आहेत. सगळं ॲपवरूनच करावं लागतं, त्यासाठी खातं उघडणं सक्तीचं. प्रत्येक डब्याला दोनच पोर्ट, त्यामुळे टीव्ही आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसाठी वेगळा स्विच आणावा लागला. इन्व्हर्टरवर फक्त खालचा मजला आहे, म्हणजे लाइट गेली की वरचा डबा मेला आणि माझा क्लास डायनिंग टेबलवर, कुकरच्या शिट्ट्यांसकट. लहान फ्लॅट असेल तर तीन नगांच्या नादी लागू नका, मधोमध ठेवलेला एकच चांगला राउटर पुरेल. आमच्यासाठी पाचपैकी चार.

मोटरचा स्विच मात्र अजून हरतो. तो पाण्याच्या टाकीच्या बरोबर मागे आहे. टाकी रिकामी असताना मोटर फोनवरून मस्त चालू होते. पाणी चढलं की सिग्नल जातो, कारण २.४ च्या लहरी पाण्यात जिरतात. म्हणजे मोटर बंद करायची वेळ येते तेव्हाच स्विच ऐकत नाही. त्यासाठी अजून जिन्यात उभं राहून ह्यांना हाकच मारते.