ट्रॅव्हल्सवाल्याकडनं फ्लॉरेन्सचा प्लॅन करून घेतला, त्याचा रिव्ह्यू (आणि कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची तिथली छत्री, म्हणजे समाधीचं स्मारक, कशी गाठायची ते)

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ट्रॅव्हल्स ऑफिसकडनं आम्ही इटलीचा प्लॅन करून घेतला, आबा, मी आणि बायको असे तिघं होतो, गेल्या ऑक्टोबरमधे जाऊन आलो. ऑफिसचं नाव लिहीत नाही कारण झाल्या त्या चुका कुठल्याबी ऑफिसात होऊ शकतात, मला त्या चुकाच सांगायच्यात म्हणजे तुमची फसगत व्हायला नको.

आधी चांगलं सांगतो. कागदपत्रांत ही माणसं एक नंबर. आबांचं पेन्शनचं पत्र, बँक स्टेटमेंट, आयटीआर, सगळ्याची फाईल त्यांनी स्वतः लावून दिली, मेडिकल इन्शुरन्स शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो तो आबांच्या वयाला बसेल असा शोधून दिला. व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, ती वेगळी आणि ऑफिसचा सर्विस चार्ज वेगळा हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहून दिलं, नंतर एक रुपया वाढवला नाही. अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आम्ही अडीच महिने आधी केला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत बोटांचे ठसे दिले आणि त्याच रात्रीच्या गाडीनं माघारी आलो. कव्हर लेटरमधे ऑफिसातल्या मुलीनं नुसतं टुरिझम लिहिलं होतं, आबा म्हणाले बाळ आमच्या महाराजांची समाधी बघायला चाललोय तेवढं घाल की त्यात, तर तिनं न कुरकुरता सगळं पत्र परत टाईप केलं. ह्यासाठी त्या पोरीचे मनापासून आभार.

आता प्लॅन. पहिल्यांदा दिला त्यात रोम तीन रात्री, व्हेनिस दोन रात्री आणि मधे फ्लॉरेन्स फक्त अर्धा दिवस, सकाळी उतरायचं आणि संध्याकाळी पुढची ट्रेन. मी विचारलं छत्री कुठाय ह्याच्यात, तर समोरच्या साहेबांना ठाऊकच नव्हतं. कोल्हापुरात बसून इटली विकायची आणि हे माहीत नसावं ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव नव्हेत, त्यांच्या आधीचे, १८६६ ला गादीवर आलेले. १८७० मधे इंग्लंडला गेले आणि माघारी येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समधे वारले, वय जेमतेम वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. तिथं दहन करायची पद्धत नव्हती, तरी खास परवानगी मिळाली आणि आर्नो नदीला मुन्योने मिळते त्या संगमावर आपल्या रीतीनं अग्नी दिला. १८७४ ला तिथं छत्री उभी राहिली, आराखडा चार्ल्स मँटचा, आपला न्यू पॅलेस ज्यानं केला तोच. तिथले लोक ह्या जागेला इंडियानो म्हणतात, जवळचा मोठा पूल १९७८ ला झाला त्याचं नावपण तेच, पोंते आल् इंडियानो.

तर प्लॅन बदलून फ्लॉरेन्सला तीन रात्री करून घेतल्या. रोमवरनं फास्ट ट्रेननं दीड तास लागतो, त्यात काही अवघड नाही. पण दुसऱ्या कागदावर उफीत्सी आणि अकादेमिया दोन्ही सोमवारी टाकलेले. दोन्ही म्युझियम सोमवारी बंद असतात! रात्री मी आपलं सहज बघत बसलो म्हणून कळलं, नाहीतर आबांना घेऊन बंद दारासमोर उभं राहिलो असतो. आणि पहिल्या प्लॅनमधे डेव्हिड (मायकेलअँजेलोचा प्रसिद्ध पुतळा) फोटोस्टॉप असं लिहिलं होतं ते सिन्योरिया चौकातल्या नकलेबद्दल होतं. खरा डेव्हिड १८७३ पासून अकादेमियात आहे, पाच मीटरच्या वर उंच, त्याला तिकीट लागतं आणि वेळ ठरवूनच घ्यावं. तुम्हाला कोणी डेव्हिड दाखवतो म्हणाला तर कुठला ते आधी विचारा. सांगितल्यावर ऑफिसनं दिवस बदलून दिले, वाद घातला नाही. मोठ्या चर्चच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही हे मात्र त्यांनी आपणहून सांगितलं, आबांचं तिकीट काढलंच नाही, ते खाली चौकात निवांत बसले.

पोंते वेक्कियो बघून आबा खूष, पुलावर दोन्ही बाजूला नुसती सोन्याची दुकानं, म्हणाले ही तर गुजरीच (कोल्हापूरची सराफ पेठ) की रे. पूल १३४५ चा, आधी खाटकांची दुकानं होती ती १५९३ ला हलवून सोनारांना दिली. गावात भिंतींवर ठिकठिकाणी ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुराच्या खुणा आहेत. एक खूण आबांच्या डोक्याच्या बरीच वर होती, ते तिथं हात वर करून उभे राहिले, काही बोललेच नाहीत. २०१९ ला आमच्या घरात पाणी होतं, त्यामुळं मलापण काही बोलावंसं वाटलं नाही.

खाण्याचं एक सांगतो, तिथला पाव बिनमिठाचा असतो, चूक नाही, पद्धतच आहे. कांदा-लसूण चटणी न्या. पेढे, तूप, खवा काही नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडं आणू देत नाहीत. हे ऑफिसनं सांगितलं नव्हतं, सांगायला पाहिजे होतं.

छत्रीला जायचं तर स्टेशनजवळनं टी-वन ट्राम पकडायची, कॅशिने स्टॉपला उतरायचं. ऑफिसनं पुढं फक्त पाच मिनिटं चालत असं लिहिलं होतं, ते साफ चूक आहे. कॅशिने हे नदीकाठचं लांबच्या लांब पार्क आहे आणि छत्री पार त्याच्या पश्चिमेच्या टोकाला, अडीच किलोमीटर तरी चालावं लागतं. आबांचा गुडघा धरलेला, बाकावर बसत बसत आम्हाला सव्वा तास लागला. म्हातारं माणूस बरोबर असेल तर हॉटेलमधनंच टॅक्सी बोलवा आणि माघारीचीपण ठरवून ठेवा, कारण तिथं रस्त्यावर हात करून टॅक्सी मिळत नाही, स्टँडवर जावं लागतं नाहीतर फोन करावा लागतो.

पोचलो तर कोणी नव्हतं, एक बाई कुत्रं फिरवत होती तेवढीच. कोरीव छत्री, खाली महाराजांचा अर्धपुतळा, तोंडावळा अगदी कोवळा, मिसरूड फुटलेल्या पोराचा. आबांनी बूट काढले. मी म्हटलं आबा गारठा आहे, तर म्हणाले असू दे. खिशातनं अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली पण लावायला जवळ जाता येईना, कठडा आहे, मग पुडी तशीच हातात धरून उभे राहिले. नंतर आम्ही संगमापर्यंत गेलो. मुन्योने अगदी छोटी आहे, आपल्या चिखलीच्या प्रयाग संगमाएवढं रुंद पात्र डोळ्यापुढं ठेवून जाऊ नका. आबांनी तिथं पाण्यात कुंकू सोडलं.

पाचपैकी साडेतीन देतो. व्हिसा आणि बुकिंगसाठी डोळे झाकून जा, दिवसांचा प्लॅन मात्र स्वतः तपासा, सोमवार बघा, चालायचं अंतर नकाशावर मोजा आणि फ्लॉरेन्सला दोन रात्रींच्या खाली मान्य करू नका. आम्ही छत्रीचे फोटो आणि रस्ता लिहून ऑफिसात दिलाय. कॅशिनेचा मोठा बाजार मंगळवारी सकाळी भरतो, कपडे, भाजी, चपला सगळं मिळतं, तेव्हा छत्रीला जायला जमलं तर मंगळवारच धरा.