चाकांवरचे पीएस आणि इंजिनाचे पीएस : टक्केवारी धरावी की कोस्ट-डाउन करावे?

रोलिंग रोडवर, म्हणजे गाडीची चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ज्याला आपल्याकडे सरळ डायनो म्हणतात, मोजली जाते ती चाकांवर पोहोचलेली ताकद, पीएसमध्ये म्हणजे मेट्रिक अश्वशक्तीत. इंजिनाची ताकद हा त्यावरून काढलेला अंदाज असतो. म्हणून जळगाव-धुळ्याहून पुण्यापर्यंत गाडी न्यायचीच असेल, तर तेथे हा अंदाज कोणत्या रीतीने काढतात हे आधी फोनवरच विचारून घ्यावे.

टक्केवारीची रीत सोपी आहे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर मिळून 15 टक्के खातात असे धरायचे आणि चाकांवरचा आकडा 0.85 ने भागायचा, म्हणजे 80 पीएसचे 94 होतात. रिमॅपनंतर, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधील सेटिंग बदलल्यावर, चाकांवर 100 आले तर हीच रीत 117.6 सांगते, याचा अर्थ घट 14 वरून 17.6 वर गेली, जरी टायर तेच, ऑइल तेच आणि वेगही तोच असला तरी. भार वाढला की गिअरच्या दात्यांतील घर्षण थोडे वाढते हे खरे, पण एवढे नाही. जिनिंगवर कापूस नेणारा शेतकरी भरलेली ट्रॉली काट्यावर चढवतो आणि माल उतरवून रिकामीही चढवतो. रिकाम्या ट्रॉलीचे वजन कापसाच्या टक्क्यांत धरलेले त्याला चालणार नाही.

कोस्ट-डाउनची रीत म्हणजे हेच रिकामे वजन. ताकद मोजण्याची धाव संपताच क्लच दाबून गाडी गिअरमध्येच ठेवतात आणि रोलर किती झपाट्याने मंदावतात त्यावरून घट मोजतात. त्या वेळी दात्यांवर भार नसल्याने आकडा किंचित कमी येतो, हा तिचा दोष. शिवाय गाडी रोलरवर बांधून ठेवणारे पट्टे जास्त ताणले किंवा टायरमध्ये हवा कमी असली, तर टायर रोलरवर अधिक दबतो आणि घट वाढते. तरीही माझा कौल हिलाच.

हवामानाच्या दुरुस्तीकडेही, म्हणजे मोजलेला आकडा ठरावीक तापमान व हवेच्या दाबाला जुळवून घेण्याकडेही, पाहावे. डीआयएन 70020 या जर्मन मानकानुसार 20 अंश व 1013 मिलिबार, तर एसएई जे1349 या अमेरिकी मानकानुसार 25 अंश व 990 मिलिबार कोरडी हवा धरतात; पहिल्याने आकडा सुमारे 3 टक्के जास्त दिसतो. टर्बो डिझेल विरळ हवेची बरीचशी भरपाई स्वतःच करते, त्यामुळे साध्या पेट्रोल इंजिनाची दुरुस्ती तिला लावल्यास फुकटचे पीएस मिळतात.

कंपनीच्या आकड्याशी ताडायचे असेल तर कोस्ट-डाउन करून घ्यावे. रिमॅपचा फायदाच पाहायचा असेल तर इंजिनाचा अंदाज हवा कशाला? त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून आधीचे आणि नंतरचे चाकांवरचे आकडे घ्यावेत, आणि हवामानाची दुरुस्ती न केलेल्या आकड्यांची प्रतही मागून घ्यावी.